गाडीतलं बटण दाबलं तरी गेट हलत नाही: लक्षणं आणि तपासणीचा क्रम

आरशाखाली किंवा सन व्हायझरवर तीन बटणं असलेल्या गाड्या आता आमच्या दापोली-गुहागर भागातही दिसू लागल्या आहेत. होमलिंक म्हणतात ती बटणं. बंगल्याला सरकतं गेट, घरात होम असिस्टंट (घरातली उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर), पडवीत वायफायवरचे दिवे, आणि मालकाची इच्छा एवढीच की गाडीतून उतरावं लागू नये. ही जोडणी मी पुष्कळ ठिकाणी केली आहे, आणि दुरुस्तीला त्याहून जास्त वेळा गेले आहे. फोन बहुतेक गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत येतात. मुंबईहून आठ-दहा तास गाडी हाकून माणूस दारात येतो, पाऊस धो धो, आणि गेट ढिम्म.

लक्षणं आधी. तुमचं यातलं कुठलं ते ठरवा.

• हातातल्या रिमोटने गेट उघडतं, गाडीच्या बटणाने नाही.
• दोन्हींनी नाही, पण भिंतीवरच्या बटणाने उघडतं.
• पूर्वी वळणावरूनच उघडायचं, आता बंपर गेटला टेकायची वेळ आली तरी नाही.
• पहिल्यांदा दाबलं की काही नाही, दुसऱ्यांदा दाबलं की चालतं.
• गेट हातभर सरकतं आणि मध्येच थांबतं.
• गेट उघडतं, पण घरातले दिवे लागत नाहीत.
• लाईट जाऊन आली की गेट आपोआप उघडतं. हे सर्वांत वाईट.
• सकाळी बंद, दुपारी ऊन पडलं की चालू.

आता हात लावण्यापूर्वी दोन मिनिटांची एक चाचणी करा. संदेश तीन उड्या मारतो. गाडीपासून रिसीव्हरपर्यंत, म्हणजे रिमोटचा संदेश ऐकणाऱ्या डबीपर्यंत पहिली, रिसीव्हरपासून घरातल्या यंत्रणेपर्यंत दुसरी, आणि ती यंत्रणा चालवते त्या रिलेपासून (विजेवर चालणाऱ्या खटक्यापासून) गेटच्या मोटरपर्यंत तिसरी. भिंतीवरचं बटण दाबा. त्याने गेट हललं तर मोटर आणि तिचा बोर्ड ठीक. फोनवरून गेट उघडून बघा. उघडलं तर घरची यंत्रणा आणि रिले ठीक. मग हातातला रिमोट. तोही चालला तर रिसीव्हर ठीक, उरली फक्त गाडी. पायरी साधी आहे, पण ती गाळून थेट स्क्रूड्रायव्हर हातात घेणारे मी फार बघितले. एका ठिकाणी गेटचा अख्खा बोर्ड बदलला होता, आणि दोष रिमोटच्या सेलमध्ये होता.

फुकटातल्या तपासण्या

गाडीचं इग्निशन चालू आहे ना? बऱ्याच गाड्यांत ही बटणं किल्ली फिरवल्याशिवाय किंवा स्टार्टचं बटण दाबल्याशिवाय जागी होत नाहीत. बटण दाबल्यावर शेजारचा बारीक दिवा बघा, तो बोलतो. स्थिर पेटला तर गाडी एकच एक ठरलेला कोड पाठवते आहे. आधी भराभर लुकलुकून मग स्थिर झाला तर गाडीने बदलता कोड ओळखला आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. दिवा पेटतच नसेल तर फ्यूज किंवा वायरिंगचा प्रश्न आहे आणि तो गाडीच्या वर्कशॉपचा, माझा-तुमचा नव्हे.

पहिल्यांदा काही नाही, दुसऱ्यांदा चालतं, असं असेल तर बहुतेक वेळा दोष नाहीच. बदलत्या कोडचा रिमोट दर दाबण्याला आपला आकडा एकाने पुढे नेतो आणि रिसीव्हर तो आकडा मोजत असतो. कीलॉक नावाची पद्धत पुष्कळ रिमोटांत असते. तिच्यात रिमोट रिसीव्हरच्या १६ पावलांपर्यंत पुढे गेलेला असेल तर गेट पहिल्याच दाबण्यात उघडतं. त्याहून पुढे गेला असेल तर रिसीव्हर सावध होतो आणि लागोपाठ दोन कोड ऐकल्यावरच विश्वास ठेवतो. मुंबईत नेलेल्या रिमोटशी लहान मुलगा खेळला, शंभर वेळा दाबला, की गावी आल्यावर पहिलं दाबणं वाया जाणार. एकदा दाबा, सोडा, पुन्हा दाबा, झालं. त्यासाठी मला फोन करू नका, मीही हेच सांगणार आहे.

गेट उघडतं पण मिटत नाही, हे लक्षण वरच्या यादीत मुद्दाम घेतलं नाही, कारण त्याचा गाडीशी संबंधच नसतो. गेटच्या दोन्ही खांबांवर समोरासमोर फोटोसेल असतात. त्यांच्या काचेवर कोळ्याचं जाळं, लाल धूळ किंवा पावसाच्या चिखलाचे शिंतोडे असले की गेटला वाटतं मध्ये कोणी उभं आहे. ओल्या फडक्याने पुसा.

चाळीस-पन्नास रुपयांची तपासणी

हातातल्या रिमोटचा सेल बदला. गाडी चालते की नाही हा प्रश्न असताना रिमोटचा सेल कशाला, असं प्रत्येक जण विचारतो. कारण दोन. एक, तो रिमोट ही तुमची मोजपट्टी आहे, आणि मोजपट्टीच वाकडी असेल तर निदान चुकणार. दुसरं, गाडी शिकते ती त्याच्याकडूनच. अर्धमेल्या सेलच्या रिमोटवरून शिकवलं की अर्धवट शिकणार. गेटच्या रिमोटांत बहुधा करंगळीच्या पेराएवढा १२ व्होल्टचा २३ए सेल असतो. मीटर लावून १०.५ व्होल्टच्या खाली दिसला तर टाकून द्या. समुद्राकाठी सेल संपण्याआधी त्याची स्प्रिंगच गंजते, तेव्हा ती सँडपेपरच्या तुकड्याने घासून घ्या.

शिकवणं अर्धं राहिलेलं

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतली सर्वांत मोठी खेप इथली असते, म्हणून इथे जरा थांबते.

गाडीला शिकवायचं काम दोन भागांचं आहे. पहिला भाग सगळे करतात. रिमोट गाडीच्या बटणापासून पाच-सात सेंटिमीटरवर धरायचा, रिमोटचं आणि गाडीचं बटण एकत्र दाबून ठेवायचं, दिवा सावकाश लुकलुकायचा थांबून भराभर लुकलुकू लागला की सोडायचं. ठरलेल्या कोडचा रिमोट असेल तर इथे काम संपतं. बदलत्या कोडचा असेल तर संपत नाही. गाडीला भाषा समजली, पण गेटच्या रिसीव्हरच्या यादीत तिचं नाव अजून नोंदलेलं नाही. म्हणून दुसरा भाग. मोटरच्या बोर्डवर किंवा रिसीव्हरवर लर्न नावाचं छोटं बटण असतं. ते एकदा दाबा, आणि साधारण ३० सेकंदांच्या आत गाडीत येऊन बसा, बटण दोन सेकंद दाबून सोडा, असं दोन-तीनदा करा. तीस सेकंदांत गेटपासून गाडीपर्यंत पळणं शक्य नसेल तर बरोबर दुसरं माणूस घ्या. राखणदाराला बोर्डपाशी उभा करा आणि हाक मारा. लर्नचं बटण मात्र क्षणभरच दाबायचं. पुष्कळ बोर्डांवर ते दहा-बारा सेकंद दाबून धरलं की आधीचे सगळे रिमोट पुसले जातात, आणि मग घरातले सगळे बाहेर.

जुन्या मालकाची गाडी घेतली असेल तर आधी तिची स्मृती साफ करा. बाजूची दोन बटणं एकत्र दहा-वीस सेकंद दाबून ठेवली की दिवा लुकलुकतो. यात तिन्ही बटणं एकदम पुसली जातात, एकटं एक पुसलं जात नाही. ज्यांनी दुसऱ्या बटणावर मुंबईच्या सोसायटीचं गेट शिकवलं आहे त्यांनी हे करण्याआधी विचार करावा.

आता लहरींचा, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा मेळ. आपल्याकडच्या गेटचे रिमोट बहुतेक ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात. अमेरिकेत ३१५ आणि ३९० चे पुष्कळ आहेत. होमलिंक २८८ ते ४३३ पर्यंतचं शिकू शकतं, म्हणजे आपलं गेट त्याच्या टोकाला का होईना, बसतं. पण काही युरोपीय गेटांचे रिमोट ८६८ चे असतात. तिकडून आणलेली मोटर असेल आणि गाडीला ती लहर माहीतच नसेल तर दिवसभर बटण दाबून काही होणार नाही. रिमोटच्या मागे आकडा छापलेला असतो, चष्मा लावून वाचा. ८६८ निघाला तर गेटला ४३३ चा वेगळा रिसीव्हर जोडणं हाच स्वस्त मार्ग.

पल्ला कमी झाला असेल तर

रिसीव्हरला लोंबणारी तार म्हणजे त्याचा अँटेना. ४३३.९२ साठी ती १७.३ सेंटिमीटर लांब आणि सरळ हवी. पेंटरने रंग देताना ती गुंडाळून बॉक्समध्ये कोंबली, की पल्ला चाळीस मीटरवरून चारवर येतो. तार सरळ करा, बॉक्सच्या बाहेर काढा, लोखंडी खांबाला चिकटवू नका. चिऱ्याचा गडगा ओला झाला की तोही लहरी खातो, म्हणून रिसीव्हर गडग्याच्या माथ्याच्या वर असावा.

तरी सुधारलं नाही तर रिसीव्हरच्या शेजारी काय आहे ते बघा. स्वस्त एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, कॅमेऱ्याचा अ‍ॅडॅप्टर, इन्व्हर्टर ही सगळी गोंगाट करणारी मंडळी. एकेक बंद करत जा आणि प्रत्येक वेळी बटण दाबून बघा. एका घरी गेटवरचा नवीन फोकस दिवा बंद केला की गेट वळणावरून उघडायचं, आणि लावला की नाही. दिवा बदलला, संपलं. गाडीतल्या डॅशकॅमवर मात्र लोक उगाच संशय घेतात. गोंगाट ऐकणाऱ्याच्या कानाशी असला तर त्रास देतो, बोलणाऱ्याच्या शेजारी असला तर फारसा नाही. तो फक्त शिकवताना बंद ठेवा, कारण तेवढ्यापुरती गाडीच ऐकत असते. काचेला धातूचा थर असलेली उष्णतारोधक फिल्म असेल तर तिचा संशय रास्त आहे.

घरातली यंत्रणा

गेट उघडतं पण दिवे लागत नाहीत, किंवा पहिल्या दिवशी चाललं आणि मग कधीच नाही, ही तक्रार आरएफ ब्रिज, म्हणजे रिमोटचा संदेश ऐकून तो वायफायवरून घरच्या यंत्रणेला कळवणारी डबी, वापरणाऱ्यांची. बाजारातला साधा ब्रिज ठरलेला कोड शिकतो. ईव्ही १५२७ जातीच्या चिपचा कोड २४ बिटांचा आणि दर वेळी तोच असतो, त्यामुळे ब्रिजला तो ओळखता येतो. बदलत्या कोडचा संदेश, उदाहरणार्थ एचसीएस ३०१ चिपचा, ६६ बिटांचा असतो आणि त्यातले ३२ बिट प्रत्येक दाबण्याला वेगळे. ब्रिजने काल ऐकलेला कोड आज पुन्हा येतच नाही. यात ब्रिज बिघडलेला नसतो, त्याला ते कामच येत नाही.

मग काही जण गेटच ठरलेल्या कोडवर आणतात. ते करू नका. ठरलेला कोड एकदा कोणी टिपला की तोच परत वाजवून गेट उघडता येतं, आणि बंगला वर्षातले दहा महिने बंद असतो.

माझी पद्धत अशी. बदलता कोड समजणारा दोन चॅनेलचा रिसीव्हर घ्यायचा. गाडीचं पहिलं बटण पहिल्या चॅनेलवर, तिथून तार थेट गेटच्या बोर्डला. मध्ये वायफाय नाही, होम असिस्टंट नाही. दुसरं बटण दुसऱ्या चॅनेलवर, आणि त्याच्या रिलेच्या कोऱ्या (स्वतःची वीज नसलेल्या) संपर्काच्या दोन तारा ईएसपी बोर्डाच्या, म्हणजे वायफाय असलेल्या छोट्या नियंत्रक बोर्डाच्या इनपुटला. त्यावर पडवी, स्वयंपाकघर, गीझर, काय हवं ते लावा. गेट उघडल्याची वार्ता घराला हवी असेल तर गेटला चुंबकाचा रीड स्विच लावा. म्हणजे राउटर मेला तरी माणूस घरात शिरतो. पूर्वी बेड्याच्या, म्हणजे जुन्या फाटकाच्या, आडव्या वाशांना वायफाय लागत नव्हतं, तेवढा भरवसा गेटला हवाच.

रिसीव्हरचा नुसता ५ व्होल्टचा डेटा पाय (पिन) थेट ईएसपीला जोडलेला दिसला तर तिथे १० आणि २० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून तो ३.३ व्होल्टवर उतरवा. तसा जोडलेला बोर्ड काही महिने चालतो आणि मग मनाला येईल तसा वागतो, म्हणून दोष सापडत नाही.

गेट हातभर सरकून थांबतं ते बहुधा एकाच दाबण्याचे दोन समजल्यामुळे. बटण दाबलेलं असेपर्यंत रिमोट तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवतो. गेटच्या बोर्डला पहिला संदेश म्हणजे उघड, दुसरा म्हणजे थांब. होम असिस्टंटमधून गेट चालवत असाल तर ऑटोमेशनचा मोड सिंगल ठेवा आणि शेवटी तीन सेकंदांचा डिले टाका. रिलेचा ठोकाही अर्ध्या सेकंदाचाच असू द्या.

लाईट आल्यावर गेट आपोआप उघडणं हा पायाचा दोष आहे, म्हणजे ईएसपीच्या पायाचा. ईएसपी ८२६६ सुरू होताना त्याचे काही पाय क्षणभर वर जातात, म्हणजे त्यांच्यावर व्होल्टेज येतं. जीपीआयओ (पायांचे क्रमांक) ०, २, १६ त्यातले. त्या पायावर रिले असेल तर प्रत्येक वेळी लाईट आली की रिले टिचकी मारणार आणि गेट उघडणार, मग मालक ठाण्यात असो की दुबईत. जीपीआयओ ४ आणि ५ शांत असतात. रिले तिकडे हलवा, आणि वरच्या पातळीला चालू होणारा रिले वापरा.

लाईट आल्यावर बराच वेळ घर गप्प राहतं त्याचं कारण वेगळं. राउटर, होम असिस्टंटचा छोटा संगणक आणि ईएसपी हे तिघं वेगवेगळ्या वेळी जागे होतात. ईएसपी बोर्डात घालायच्या ईएसपीहोम या सॉफ्टवेअरमध्ये घरच्या यंत्रणेशी संपर्क झाला नाही तर १५ मिनिटांनी बोर्ड स्वतःला रीस्टार्ट करतो, हे मूळ सेटिंगच आहे. बोर्डचा पत्ता राउटरमध्ये कायमचा बांधून द्या आणि राउटर व तो संगणक इन्व्हर्टरवर घ्या. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट दिवसातून किती वेळा डोळा मारते ते मोजायचं मी सोडून दिलंय.

तिसऱ्या बटणाबद्दल एवढंच, की त्यावर विहिरीचा पंप लावू नका. एका गिऱ्हाइकाने हट्टाने लावून घेतला. उतरताना कोपर लागलं, पंप रात्रभर चालला, सकाळी टाकी वाहून आणि विहिरीत गाळ.

बॉक्स उघडायची वेळ

सकाळी बंद, दुपारी चालू हे खाऱ्या हवेचं लक्षण. रात्रीचं दव बॉक्समध्ये साचतं, बोर्डावरच्या मिठाच्या थराला ओल लागते आणि वीज भलत्या वाटेने झिरपते. ऊन आलं की सुकतं. मोटरचा मेन स्विच बंद करा, पाच मिनिटं थांबा, गेट सुट्टं करायची किल्ली फिरवून ते हाताने सरकतं ना ते बघा, मग झाकण काढा. तांब्याच्या टोकांवर हिरवा कळंक दिसेल. टोक कापून नवीन काढा, नुसतं घासून चालत नाही, कळंक तारेच्या आतपर्यंत गेलेला असतो. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या दातघाशीच्या ब्रशने धुवा, पूर्ण सुकवा, वरून पीसीबीचा लॅकर मारा. कनेक्टर आणि लर्नच्या बटणावर लॅकर जाऊ देऊ नका.

केबल बॉक्समध्ये खालून शिरावी आणि शिरण्याआधी तिला झोळ असावा, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं. वरून शिरलेली केबल म्हणजे पन्हळच. रिकामी भोकं बुजवा. पाल आणि मुंग्या दोघींना ट्रान्सफॉर्मरची ऊब आवडते, आणि टर्मिनलवर आडवी झालेली पाल मी एकदा नाही, तीनदा काढली आहे. हे सगळं आगोटीच्या कामात धरा. कौलं चाळताना, लाकडं आत घेताना गेटचा बॉक्सही उघडून बघायचा.

इथे थांबा

भिंतीवरच्या बटणाने गेट हलत नसेल आणि मोटर नुसती घूं करत असेल तर कपॅसिटर गेला असण्याची शक्यता मोठी आहे. मेन स्विच बंद केल्यावरही तो विजेने भरलेला असू शकतो. गेटवाल्याला बोलवा. बोर्डावरचे २३० व्होल्टचे स्क्रू, लिमिट स्विच आणि मोटरची ताकद ठरवणारा गोल खटका यांना हात लावू नका. ताकद वाढवली की अडलेलं गेट सरकतं खरं, पण मध्ये आलेल्या पोरालाही तेवढ्याच ताकदीने दाबतं. फोटोसेल त्रास देतो म्हणून त्याच्या जागी तारेचा तुकडा लावून तो झोपवणारे कारागीर आहेत. तसं कोणी सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. गेटऐवजी गॅरेजचं शटर असेल तर वरच्या स्प्रिंगची पेटी कधीच उघडायची नाही.

वळवाच्या गडगडाटानंतर बोर्ड, राउटर आणि दिवे एकदम गेले असतील तर नुसता बोर्ड बदलून काही होणार नाही. आधी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या. आमचा कातळ मे महिन्यात कोरडा ठणठणीत असतो आणि त्यात ठोकलेली अर्थिंगची सळई नावापुरती उरते. ते मोजून झाल्याशिवाय मी स्वतः नवीन बोर्ड बसवत नाही.

दुरुस्ती झाली की बॉक्सच्या झाकणाच्या आतून एक कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चिकटवा. रिमोटची लहर, कोड ठरलेला की बदलता, कुठलं बटण कुठल्या चॅनेलवर, ईएसपीचा पत्ता, सेल बदलल्याची तारीख, आणि गेट सुट्टं करायची किल्ली घरात कुठल्या खुंटीला आहे ते.